सात, खाली डावीकडे

मंजिरी : पिवळं हेल्मेट.

हृषीकेश : अजून?

मंजिरी : एक कोपर. त्यावर मासा गोंदवलाय.

हृषीकेश : अजून?

मंजिरी : ‘फ्रेश प्रॉन’. पाटीचं शेवटचं अक्षर गळलंय.

हृषीकेश : पुढे?

मंजिरी : वाफ.

हृषीकेश : कसली वाफ?

मंजिरी : स्टीलवर्क्सची असणार. स्टीलवर्क्स दिसत नाही, नुसती वाफ. थांब. मॅगपायचा डोळा. अरे, लाल आहे! पस्तीस वर्षं यांच्या चोची चुकवत फिरले, डोळ्याचा रंग आज कळला.

हृषीकेश : ताई, स्कोप बघायला आलोय. बर्ड वॉचिंग नको.

मंजिरी : आता सगळं निळं. गेलं. हरवलं सगळं.

(वॉलॉंगॉंगच्या वेशीवरचं बंदुकांचं दुकान. शनिवारची दुपार. मंजिरी, वय पासष्ट, उघड्या दारात उभी. हातात नुसता स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, रायफलीवर न चढवलेला. काउंटरला टेकून तिचा धाकटा भाऊ हृषीकेश. काउंटरपलीकडे दुकानाचा मालक डग; मंजिरीच्या नेमबाजी क्लबाची कामंही तोच बघतो.)

डग : ऑल गुड, डॉक?

हृषीकेश : ऑल गुड, मेट. शी लव्ज इट.

मंजिरी : मी काहीही लव्ह केलेलं नाही. डग, द रायफल इज फॉर सेल. माय ब्रदर इज कन्फ्यूज्ड.

डग : नो वरीज. वी शट ॲट वन.

हृषीकेश : ऐकलंस? एकला बंद. आत्ता बारा दहा. पन्नास मिनिटांत तुला पटलं तर स्कोप घेऊन जाऊ, नाही पटलं तर रायफल त्याच्याकडे विकायला ठेवू आणि मी एक शब्द बोलणार नाही. वेरिबीहून नऊ तास गाडी चालवत आलोय, पन्नास मिनिटं दे.

मंजिरी : तू माझ्या वाढदिवसाला आलास.

हृषीकेश : वाढदिवसालाच. आणि हे गिफ्ट आहे.

मंजिरी : हृषी, नीट ऐक. डोळ्यात नवीन लेन्स बसवल्यापासून लांबचं लख्ख दिसतं, हाताच्या अंतरावरचं धुरकट. नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायचा तो दाणा, मला दिसत नाही. तिथे एक राखाडी डाग असतो. ज्याला माशी दिसत नाही त्याने नेम धरू नये. पॅथॉलॉजी लॅबमधूनही मी अशीच बाहेर पडले. एका स्लाइडवर शंका आली, दुसऱ्या महिन्यात राजीनामा दिला.

हृषीकेश : पण म्हणूनच तर स्कोप! यात माशीच नाही. टार्गेट आणि नेमाचा क्रॉस एकाच काचेत, दोन्ही स्पष्ट. मी सगळे रिव्ह्यू वाचलेत, तीन शॉर्टलिस्ट केलेत. एक्सेल आहे माझ्याकडे.

मंजिरी : लग्नाच्या वेळीही तुझं असंच काहीतरी होतं.

हृषीकेश : तेव्हा एक्सेल कुठलं, वही होती. आणि निर्णय बरोबर निघाला.

मंजिरी : नीलाला विचारून सांगते.

हृषीकेश : विषय बदलू नकोस. हा तुझ्या हातातला नऊ पट मोठं दाखवतो. हलका आहे. काच जपानी. पन्नास मीटरला भरपूर झाला. तो दुसरा, चोवीसवाला, तो नळकांड्याएवढा आहे. रायफलीवर चढवलास तर रायफलच स्कोपला लटकल्यासारखी दिसेल.

डग : ट्राय देम बोथ आउट द बॅक. देअर्स अ कार्ड ऑन द फेन्स. फिफ्टी मीटर्स. रेस्ट इट ऑन द सँडबॅग.

हृषीकेश : चल. मागच्या अंगणात कुंपणावर कार्ड लावलंय. वाळूच्या पिशवीवर ठेव. हां. आता? नऊमधून काय दिसतं?

मंजिरी : पांढरा कागद. काळं वर्तुळ.

हृषीकेश : स्पष्ट?

मंजिरी : खूप. कडा कशी कापल्यासारखी आहे. किती दिवसांनी अशी कडा बघितली.

हृषीकेश : बघ!

मंजिरी : पण आत काही नाही. गुळगुळीत काळं. यात भोकं आहेत का?

डग : ओ, देअर्स होल्स इन इट ऑल राइट.

मंजिरी : मला दिसत नाहीत.

हृषीकेश : काळ्यात काळं भोक दिसायला कशाला हवं? मी आहे ना. मॅचच्या दिवशी मी येईन. शेजारी बसेन, स्टँडवर मोठी दुर्बीण लावून. तू मार, मी सांगतो कुठे लागली. पूर्वीसारखं.

मंजिरी : तू सांगू नकोस.

हृषीकेश : का?

मंजिरी : दुसरा दे. चोवीसवाला.

हृषीकेश : ताई, चोवीसमध्ये काय होतं माहितेय का? सगळं थरथरतं. आपलाच हात आपल्याला घाबरवतो. तुझ्या वयाला...

मंजिरी : माझ्या वयाला काय?

हृषीकेश : काही नाही. हा घे.

मंजिरी : बाप रे.

हृषीकेश : सांगितलं होतं.

मंजिरी : गप्प बस जरा. उडतंय. आख्खा क्रॉस उडतोय, एका ठेक्यात. एक... दोन... घड्याळ बघ, पंधरा सेकंद झाली की सांग.

हृषीकेश : कशाला?

मंजिरी : बघ म्हणते ना.

हृषीकेश : हं... झाली.

मंजिरी : वीस. म्हणजे ऐंशी. माझी नाडी आहे ही. गालातून स्कोपमध्ये येतेय.

हृषीकेश : म्हणून म्हणतो, नऊवाला घे. नऊमध्ये माणूस स्थिर वाटतो.

मंजिरी : वाटतो. आणि भोकं दिसतायत, हृषी. नऊ आहेत. दोन एकमेकांत घुसलीत. एक वर, घड्याळातल्या अकराच्या बाजूला. आणि हे एक पार बाहेर, पाच गुणांच्या रेघेला फाडून गेलंय. डग, हू शॉट दिस?

डग : द मिसेस. एक्सेप्ट द फाइव्ह. द फाइव्ह वॉज मी.

मंजिरी : प्रामाणिक आहे बिचारा.

हृषीकेश : डग, यू नो, शी वॉज अ चॅम्पियन. इन पुणे. नाइन्टीन एटी.

मंजिरी : हृषी, नको.

हृषीकेश : लास्ट शॉट, मेट. शी नीडेड अ गुड वन. अँड बँग! बुल. डेड सेंटर. आय वॉज देअर. आय वॉज इन द पिट.

डग : गुड ऑन यू, डॉक.

मंजिरी : त्याला कशाला सांगतोस?

हृषीकेश : का नको सांगू? मी ऑफिसात सांगतो, नीलाच्या माहेरी सांगतो, वेरिबीच्या गणपतीत दरवर्षी कोणीतरी नवीन भेटतं, त्याला सांगतो. आमची ताई. दुसऱ्या वर्षाला होती मेडिकलच्या. वाघोलीची खाण. मागे दगडाची भिंत, पुढे आमचा खड्डा. आईने डालड्याच्या डब्यात खळ करून दिली होती, आठवतं? आदल्या दिवशी आपण जेवणाच्या टेबलावर बसून ठिगळं कापली. काळी वेगळी, पांढरी वेगळी.

मंजिरी : पांढरी तू वाकडी कापलीस.

हृषीकेश : अजून आठवतंय तुला! आणि तो खड्ड्यातला आवाज मला अजून येतो. वरून गोळी जायची, कागदावर टप्. मग मी आणि खड्ड्यातला माझा जोडीदार मधू उठायचो. आधी भोक शोधायचं, मग काठीची तबकडी त्या जागेवर धरायची म्हणजे तुम्हाला लांबून कळणार, मग भोकावर ठिगळ. पुढच्या गोळीला कागद परत कोरा. डोक्यात खडी, हाताला खळ, दुपारी आईच्या डब्यातल्या पोळीलाही खळीचा वास. असा दिवस मला परत मिळाला नाही गं. इथे सगळं आहे. तो वास नाही.

मंजिरी : तो वास मलाही हवासा वाटतो कधी कधी.

हृषीकेश : मग? विकतेस कशाला? पंधरा वर्षं तू इथल्या क्लबात जातेस. मला अभिमान वाटायचा. आणि आज डगकडून कळतं की तू एकदाही मॅचमध्ये नाव घातलं नाहीस. नुसती प्रॅक्टिस. पंधरा वर्षं! कोण करतं असं?

मंजिरी : मी करते. इथे खड्डा नाही. मी मारते, गोळीबार थांबल्याचा लाल दिवा लागला की मी चालत जाते, माझा कागद मी काढून आणते. माझी भोकं माझ्या हातात. तेवढ्यासाठीच परत सुरू केलं.

हृषीकेश : आणि मॅच?

मंजिरी : मॅचमध्ये कागद दुसरा कोणीतरी तपासतो.

हृषीकेश : बरोबरच आहे ना. मग त्यात काय?

मंजिरी : हृषी, आमच्या रायफलच्या सरांचा एक नियम होता. हाक द्यायची. आठवतो?

हृषीकेश : गोळी सुटली की खड्डा दाखवायच्या आधी आपणच मोठ्याने सांगायचं, कुठे लागली. मला तर ती जादूच वाटायची. तुम्हाला कळायचं कसं?

मंजिरी : घोडा सुटतो त्या क्षणी माशी कुठे होती ते डोळ्यात राहतं. फोटोसारखं. खोटं बोलत नाही तो फोटो. आता मला सांग, त्या दिवशीच्या माझ्या दहा गोळ्या तुझ्या लक्षात आहेत?

हृषीकेश : दहाच्या दहा. वेरिबीच्या गणपतीत विचार कोणालाही.

मंजिरी : मग चल. मी हाक देते. तू तबकडी दाखव.

हृषीकेश : इथे? डग काय म्हणेल?

मंजिरी : डगला मराठी येत नाही. पहिली. दहा.

हृषीकेश : दहा! मध्यावर.

मंजिरी : नऊ, उजवीकडे.

हृषीकेश : नऊ. उजवीकडे.

मंजिरी : दहा.

हृषीकेश : दहा. मधू म्हणाला होता, तुझी ताई झोपून मारते का जागी राहून.

मंजिरी : नऊ, वर.

हृषीकेश : नऊ. वर.

मंजिरी : दहा. परत दहा.

हृषीकेश : पाचवी, सहावी. हो. दोन्ही एकाच भोकातून गेल्यासारख्या. एक ठिगळ दोघींना पुरलं.

मंजिरी : नऊ, डावीकडे. नऊ, डावीकडे. वारा उठला होता.

हृषीकेश : खड्ड्यात धूळ यायला लागली होती, हो. मधू डोळे चोळत होता.

मंजिरी : नववी. दहा.

हृषीकेश : दहा. शहाऐंशी झाले. शेजारच्या टार्गेटवर शैलाच्या दहाही गोळ्या संपल्या होत्या, चौऱ्याण्णव. दोघींतली एक दिल्लीला निवड शिबिराला जाणार. आणि आता शेवटची गोळी. सगळी खाण चिडीचूप. टप्!

मंजिरी : सात. खाली डावीकडे. तबकडी दाखव, हृषी.

हृषीकेश : काय म्हणालीस?

मंजिरी : सात, खाली डावीकडे. त्या दिवशी मी ही हाक दिलीच नाही. नऊ गोळ्यांना दिली, दहाव्या गोळीला गप्प राहिले. सरांनी मागून विचारलंही, ‘काय गं, हाक?’ त्यांची दुर्बीण शैलाच्या टार्गेटवर होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुझी तबकडी वर आली. मध्यावर.

डग : यू टू ऑल राइट आउट देअर?

हृषीकेश : यप. यप, मेट. फाइव्ह मिनिट्स... ताई, तुला माहीत होतं?

मंजिरी : तू तबकडी धरायच्या आधीपासून.

हृषीकेश : मधू पाणी आणायला गेला होता. मी एकटा होतो. भोक बघितलं. सातच होता. रेघेवरही नाही, स्वच्छ सात. शैलाला चौऱ्याण्णव. तुला बरोबरीला आठ लागत होते. मी विचार केलाच नाही गं. हात आपोआप मध्यावर गेला. आणि लगेच खळ लावून ठिगळ चिकटवलं. संपलं. कोणाला काही दिसायलाच नको.

मंजिरी : घाईत काळ्याऐवजी पांढरं लावलंस?

हृषीकेश : नाही. काळं. ते अगदी नीट लावलं.

मंजिरी : हं.

हृषीकेश : पंचेचाळीस वर्षं मला वाटत होतं, जगात एकट्याला माहितेय. मला ते ओझंही वाटायचं नाही, खरं सांगू? मला वाटायचं, मी ताईला काहीतरी दिलं. तिला कळू न देता. मी ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली की शेवटी मलाच ते दहा खरे वाटायला लागले.

मंजिरी : प्रत्येक वेळी तू सांगायचास आणि मी हसायचे.

हृषीकेश : म्हणून दिल्लीला तू तशी...

मंजिरी : दिल्लीला सगळ्यांत शेवटची आले. घरी म्हणाले, परीक्षेचं टेन्शन होतं. बाबा म्हणाले, जाऊ दे, डॉक्टर होणार आहेस. परीक्षा नव्हती, हृषी. प्रत्येक गोळीला हाक द्यायची वेळ आली की डोळ्यांपुढे तोच सात यायचा. हाक आली नाही की पुढचा नेम लागत नाही. घरी येऊन रायफल क्लबात परत केली. तीस वर्षं हात लावला नाही.

हृषीकेश : माझ्यामुळे.

मंजिरी : तू सतरा वर्षांचा होतास. मी वीस. तबकडी तुझी होती, तोंड माझं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, ‘सर, माझी हाक सात आहे.’ त्यांनी उठून बघितलं असतं. ठिगळ ओलं होतं, खळ वाळायलाही वेळ लागतो. मी नाही बोलले.

हृषीकेश : सॉरी, ताई.

मंजिरी : नको. तू मला तेव्हा जे दिलंस ते मी घेतलं. हेच खरं आहे. आज परत तू म्हणालास, तू मार, मी सांगतो कुठे लागली.

हृषीकेश : मी खोटं थोडंच सांगणार होतो?

मंजिरी : सातला आठ म्हणाला असतास. माझ्या वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून.

हृषीकेश : ...कदाचित. हो.

मंजिरी : म्हणूनच मला विकायची होती. डोळ्यांचं निमित्त झालं. माशी दिसेनाशी झाल्यापासून हाकेचा फोटोही येत नाही. मग मला कोणाच्या तरी तबकडीवरच विश्वास ठेवायचा. त्यापेक्षा नकोच.

डग : टेन टू वन, डॉक. व्हॉट आर वी डूइंग?

हृषीकेश : तो विचारतोय. रायफल ठेवायची का इथे? मी एक शब्द बोलणार नाही म्हणालो होतो, नाही बोलत. खरंच. तू म्हणशील ते.

मंजिरी : जरा सरक. परत एकदा बघू दे. पाचाच्या रेघेवरचं भोक... त्याची कागदाची फाटलेली कडासुद्धा दिसते. आत दुमडलीय. आणि क्रॉस उडतोच आहे. ऐंशीच.

हृषीकेश : नऊवाला हलका होता.

मंजिरी : बोलणार नव्हतास.

हृषीकेश : सॉरी.

मंजिरी : डग, द बिग वन. नॉट द नाइन. आय वॉन्ट टू सी माय ओन होल्स.

डग : फेअर इनफ. सो द रायफल्स नॉट फॉर सेल?

मंजिरी : नो. इट इज नॉट.

हृषीकेश : नळकांडं घेतलंस शेवटी.

मंजिरी : नळकांडं तू देतोयस. गिफ्ट आहे. गिफ्टला नाही म्हणू नये.

हृषीकेश : आणि वीस तारखेची मॅच? डगकडेच लिस्ट आहे.

मंजिरी : डग, पुट माय नेम डाउन फॉर द ट्वेंटिएथ. विथ स्कोप.

डग : अबाउट ब्लडी टाइम, डॉक.

हृषीकेश : मी येऊ? शेजारी बसायला? तोंडाला कुलूप लावतो.

मंजिरी : ये. दुर्बीण आणू नकोस. डबा आण. नीलाला सांग, गूळपोळी.

हृषीकेश : नऊ तास गूळपोळी घेऊन गाडी चालवू?

मंजिरी : यापूर्वी त्याहून वाईट कारणांसाठी चालवलीयस. आता हे माउंट करायचं कसं ते विचार त्याला. दोन रिंगा लागतात ना? माझ्या रायफलीला कुठल्या बसतील?

हृषीकेश : विचारतो. ताई...

मंजिरी : हं.

हृषीकेश : शैला कुठे असते हल्ली?

मंजिरी : नाशिकला. शाळेत शिकवायची, आता रिटायर झाली असणार. माझ्या मितालीच्या लग्नाची पत्रिका पाठवली होती तिला.

हृषीकेश : सांगणार आहेस तिला?

मंजिरी : रिंगांचं विचार आधी. एक वाजतोय.

हृषीकेश : डग, विच रिंग्ज फॉर हर रायफल, मेट?

डग : आय'ल ग्रॅब देम. टू सेकंड्स.

हृषीकेश : गेला आणायला. ताई, मी काय विचारलं?

मंजिरी : दिल्लीला निघायच्या आदल्या दिवशी शैला आपल्या घरी आली होती. तिच्या वाट्याची उरलेली काडतुसं मला द्यायला. चाळीस होती. तीही मी घेतली; सांगावं लागेलच.